विधान सरणी: काही टिपणं

१.
उत्तर कोलकात्यातला एक सरळ रस्ता. पूर्वी कॉर्नवॉलिस स्ट्रीट, आता विधान सरणी. दक्षिणेकडे शंकर घोष लेनमध्ये विद्यासागर कॉलेज, उत्तरेकडे हातीबागानात स्टार थिएटर. मध्ये हेदुआचा तलाव आणि बेथून कॉलेज. रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाचं चालणं. एका बाजूला पुतळा फुटला, दुसऱ्या बाजूला थिएटर जळलं. दोन्ही पुन्हा उभं केलेलं आहे.

२.
१४ मे २०१९. लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचा प्रचार. भाजप अध्यक्षांचा रोड शो कॉलेजवरून जात होता. घोषणा, दगड, जाळपोळ. या धुमश्चक्रीत आवारातला समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांचा अर्धपुतळा फुटला. तृणमूल म्हणाली भाजपने फोडला, भाजप म्हणाला तृणमूलनेच. निवडणूक आयोगाने बंगालमधला प्रचार ठरल्या वेळेच्या एक दिवस आधी बंद केला. पंतप्रधानांनी पंचधातूच्या पुतळ्याचं आश्वासन दिलं. मुख्यमंत्र्यांनी ११ जूनला नवा पुतळा बसवूनही टाकला.

चार आठवडे. एखाद्या शाळेचं छप्पर फुटलं असतं तर?

३.
विद्यासागरांचा जन्म २६ सप्टेंबर १८२०. पुतळा फुटला तेव्हा दोनशेवं वर्ष लागायला चार महिने राहिले होते. दीडशे वर्षं पुरी झाली १९७० साली. त्या वर्षी नक्षलवादी तरुणांनी कॉलेज स्क्वेअरमधल्या त्यांच्या पुतळ्याचं मुंडकं उडवलं होतं. या हिशेबाने पुढची पाळी २०७० च्या आसपास.

४.
कॉलेज स्क्वेअरला मुद्दाम गेलो. मानेवर सांधा दिसतो का ते बघायचं होतं. गळ्यात निशिगंधाचा हार. इतका जाड, की हनुवटीपासून छातीपर्यंत सगळं झाकलेलं. कडेची फुलं तपकिरी पडली होती, म्हणजे हार कालपरवाचा असावा. शेजारी दोन मुलं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मध्ये धरून एकमेकांना प्रश्न विचारत होती. भारतात विधवाविवाहाचा कायदा कधी झाला, हा प्रश्न त्या पुस्तकात असणारच.

५.
१८५६. उत्तर सोपं आहे. सह्यांचा हिशेब मात्र परीक्षेत विचारत नाहीत. विद्यासागरांच्या अर्जावर ९८७ सह्या. सनातन्यांचे पुढारी राधाकांत देब यांच्या विरोधी अर्जावर ३६ हजारांहून जास्त. कायदा ९८७ च्या बाजूने झाला, आणि तो परकी सरकारने केला. लोकशाहीवरच्या भाषणात हा आकडा कोणी वापरत नाही. अडचणीचा आहे.

६.
त्याच कायद्यात एक कलम असं, की पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा बाईचा हक्क संपला.

७.
पहिला विधवाविवाह सुकिया स्ट्रीटवर, रस्त्यावर पोलीस उभे करून, ७ डिसेंबर १८५६. बंगाली सार्वजनिक रंगभूमीचं पहिलं नाटक, नॅशनल थिएटरचं ‘नीलदर्पण’, ७ डिसेंबर १८७२. पंचांग बघणाऱ्यांनी बघावं.

८.
कायदा झाला त्याच वर्षी उमेशचंद्र मित्रांनी ‘विधवाविवाह नाटक’ लिहिलं. १८५९ मध्ये केशवचंद्र सेनांनी ते बसवलं. (हेच केशवचंद्र पुढे १८६४ मध्ये मुंबईला आले, आपल्या प्रार्थना समाजाच्या मागे त्यांची व्याख्यानं आहेत.) विद्यासागर प्रयोगाला गेले आणि रडले, असं चरित्रकार सांगतात.

रंगमंचावरची विधवा पुरुष होता.

९.
चपलेची गोष्ट बंगालमध्ये कोणीही सांगतो. ‘नीलदर्पण’मध्ये अर्धेंदुशेखर मुस्तफी नीळवाल्या साहेबाचं काम करायचे. साहेबाचा जुलूम बघून पहिल्या रांगेतले विद्यासागर इतके भडकले, की पायातली चप्पल काढून रंगमंचावर भिरकावली. मुस्तफींनी ती उचलून डोक्याला लावली आणि म्हणाले, हेच माझं बक्षीस.

खरी असेल का? मला शंका आहे. पण नटाला ही गोष्ट जितकी हवी आहे तितकीच सुधारकाच्या भक्तांनाही, त्यामुळे ती मरणार नाही.

१०.
कवी-नाटककार मायकेल मधुसूदन दत्त फ्रान्समध्ये कर्जात बुडाले तेव्हा त्यांना पैसे पाठवणारा माणूस म्हणजे विद्यासागर. १८७३ मध्ये बीडन स्ट्रीटवर बेंगाल थिएटर निघालं. सल्लागारांत दोघंही. मायकेल म्हणाले, बायकांची कामं बायकांनीच करावीत. विद्यासागरांना ते पटलं नाही. ते बाहेर पडले. थिएटर उघडायच्या आधीच, जूनमध्ये मायकेल वारले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच ‘शर्मिष्ठा’ने पडदा उघडला. चार नट्या घेतल्या होत्या.

११.
विद्यासागरांचं हे बाहेर पडणं त्यांच्या एरवीच्या कामाशी विसंगत आहे, असं हल्ली लिहितात. मला तसं वाटत नाही. विधवेला ते पुन्हा घरात आणत होते. या चार बायका घरातल्या नव्हत्याच. त्या काळी रंगमंचावर यायला तयार होणारी बाई कुठल्या वस्तीतून येणार, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शाळा-कॉलेजातली पोरं पिटात बसणार हेही. सुधारणेलाही उंबरठा असतो.

१२.
आपण मात्र फार नाकं मुरडू नयेत. देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीसाठी महाराष्ट्र ढसाढसा रडला, आणि ती मुलगी कायम कोणीतरी मुलगाच होता. बायकांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या आपल्याकडे होत्या, पण नावाजलेल्या कंपन्यांत पदर पुरुषांच्याच खांद्यावर. पांढरपेशा घरातल्या बायकांनी रंगमंचावर उभं राहण्याची गोष्ट निघाली की आपण १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’चं नाव घेतो. बेंगाल थिएटर त्याच्या साठ वर्षं आधीचं.

त्याची भरपाई म्हणून आपल्याला बालगंधर्व मिळाले. सौदा वाईट झाला असं म्हणवत नाही.

१३.
बिनोदिनी दासी. जन्म १८६३ च्या सुमाराचा, वस्ती बदनाम, घरात दारिद्र्य. १८८३ मध्ये विशीतली आणि कलकत्त्यातली सगळ्यात गाजलेली नटी. गुर्मुख राय मुसद्दी नावाच्या पैसेवाल्या मारवाडी तरुणाचं तिच्यावर मन बसलं. थिएटर सोड, ५०,००० रुपये देतो, असा त्याचा प्रस्ताव होता, हे तिनेच आत्मचरित्रात लिहिलं आहे. तिने पैसे घेतले नाहीत. थिएटर बांधून दे म्हणाली. तो तयार झाला. किंमत काय मोजायची ते उघड होतं, आणि ती मोजायला तिचे गुरू, नट-नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्यासकट नाटकातल्या सगळ्या मंडळींनी तिला राजी केलं. बदल्यात थिएटरला तिचं नाव द्यायचं ठरलं: बी थिएटर.

बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झालं. बायका-पुरुषांनी मिळून काम केलं. ती स्वतः टोपलीने माती वाहायची. मग नोंदणी करून मंडळी परत आली. तिने उत्सुकतेने विचारलं, नाव काय लावलं? स्टार.

१४.
वेश्येच्या नावाच्या थिएटरात लोक येणार नाहीत, हे कारण. तिला पाहायला लोक येतील, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

१५.
२१ जुलै १८८३, स्टारचा पहिला प्रयोग, ‘दक्षयज्ञ’. बिनोदिनी सती. नवऱ्याच्या मानापमानापायी जीव देणारी.

१६.
रामकृष्ण परमहंस ५ ऑगस्ट १८८२ रोजी विद्यासागरांच्या बादुडबागानच्या घरी गेले. गप्पा रंगल्या. विद्यासागरांनी दक्षिणेश्वरला परतभेटीला यायचं कबूल केलं. गेले नाहीत.

२१ सप्टेंबर १८८४ रोजी रामकृष्ण स्टारमध्ये ‘चैतन्यलीला’ बघायला गेले. चैतन्य महाप्रभूंचं काम बिनोदिनीचं. प्रयोगानंतर त्यांनी तिला आशीर्वाद दिला. तेव्हापासून बंगाली नटनट्या रंगमंचावर जाण्याआधी रामकृष्णांच्या तसबिरीला हात जोडतात.

पुरुषांनी बाईचं काम करणं ही कला. बाईने महापुरुषाचं काम केलं तर बघणाऱ्या परमहंसांना थेट समाधीच लागते.

१७.
बेथून शाळेच्या मुलींना आणणाऱ्या घोडागाडीवर विद्यासागरांनी एक संस्कृत वचन रंगवून घेतलं होतं. मुलीलाही जपून वाढवावं, कसोशीने शिकवावं, असं काहीसं. संस्कृत असल्यामुळे विरोध करणाऱ्यांना ते वाचता येत होतं.

१८.
नोव्हेंबर १८५७ पासून जेमतेम सात महिन्यांत विद्यासागरांनी खेड्यापाड्यांत मुलींच्या ३५ शाळा उघडल्या. सुमारे १,३०० मुली. उत्तरेत बंड पेटलेलं असताना. सरकारने पैसे द्यायला खळखळ केली तेव्हा मास्तरांचे पगार स्वतःच्या खिशातून. १८५८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीच सोडली.

१९.
बिनोदिनीला एक मुलगी होती, शकुंतला. तिला शाळेत घालायची तिने फार खटपट केली. आई कोण ते कळल्यावर प्रवेश मिळेना. मुलगी तेराव्या वर्षी गेली.

२०.
१ जानेवारी १८८७ नंतर बिनोदिनी रंगमंचावर दिसली नाही. वय तेवीस-चोवीस. पुढे पन्नासहून जास्त वर्षं जगली, १९४१ पर्यंत. ‘आमार कथा’ लिहायला घेतली तेव्हा गुरू म्हणून गिरीशबाबूंकडे प्रस्तावना मागितली. त्यांनी दिली. तिने वाचली आणि सांगितलं, यात खऱ्या गोष्टी नाहीत, पुन्हा लिहा. ते हसले, पुन्हा लिहिण्याआधी १९१२ मध्ये वारले. पहिल्या आवृत्तीत तिने ती प्रस्तावना घेतली नाही.

मराठी लेखकांनी या बाईचा फोटो टेबलावर लावावा.

२१.
बीडन स्ट्रीटचं स्टार फार टिकलं नाही. जागा गोपाललाल शील नावाच्या धनिकाकडे गेली. त्याने एमराल्ड थिएटर काढलं. पुढे तिथेच क्लासिक, मग कोहिनूर. स्टारच्या मंडळींनी इमारत सोडली, नाव सोडलं नाही. ते उचलून हातीबागानात नेलं आणि २५ मे १८८८ रोजी नव्या इमारतीत ‘नसीराम’ लावलं. ज्या नावापायी बिनोदिनी रडली, त्याची बाजारात एव्हाना चांगलीच किंमत झाली होती.

२२.
बीडन स्ट्रीटवरची मूळ वास्तू पुढे सेंट्रल अव्हेन्यूच्या रुंद रस्त्यात गेली. आज तिथे सिग्नल आहे आणि पिवळ्या टॅक्सीवाल्यांची घाई.

बागबाजारात दुसरा असाच रुंद रस्ता काढताना मध्ये गिरीशचंद्रांचं घर आलं. ते पाडलं नाही. रस्ता दोन्ही अंगांनी वळवला. आजही घर मधोमध उभं, आणि रस्त्याचं नाव गिरीश अव्हेन्यू.

२३.
डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांनी हातीबागानवर बॉम्ब टाकले. स्टार वाचलं. ऑक्टोबर १९९१ मध्ये आगीत गेलं. महापालिकेने जुना दर्शनी भाग राखून मागे नवीन सभागृह बांधलं आणि २००४ मध्ये उघडलं. मग तिथे मुख्यतः सिनेमे लागू लागले. पुढून १८८८, आतून मल्टिप्लेक्स.

या एकाच मोहल्ल्यात एके काळी हाकेच्या अंतरावर थिएटरं होती. विश्वरूपा आणि रंगमहाल दोन्हींना २००१ मध्ये आगी लागल्या. बाकीची आगीवाचूनच बंद पडली.

२४.
३० डिसेंबर २०२४ रोजी संदेशखालीतल्या सभेत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं: स्टार थिएटरचं नाव बिनोदिनी थिएटर. १४१ वर्षांनी. ज्या थिएटरसाठी तिने माती वाहिली ते हे नव्हेच. या दुसऱ्या इमारतीत तिने कधी काम केलं नाही. हे उघडलं तेव्हा ती थिएटर सोडून वर्ष उलटून गेलं होतं.

तरी बरं झालं असंच मी म्हणेन. नाव लावताना कोण खूश होतं यापेक्षा कोण चरफडलं असतं ते बघावं.

२५.
हातीबागानचा फूटपाथ म्हणजे दुतर्फा कपड्यांचे ठेले. माणसाने मधून आडवं होऊन जायचं. थिएटर समोर असूनही मी एका गाऊनवाल्याला विचारलं, “दादा, बिनोदिनी थिएटर?”

“कुठलं?”

“बिनोदिनी. नाटकाचं थिएटर.”

“अच्छा, स्टार!” त्याने हँगर धरलेल्या हातानेच दाखवलं. मग थांबून म्हणाला, “हां, हां, नाव बदललंय. पण रिक्षावाल्याला स्टारच सांगा.”

त्याच्याकडे गाऊनच्या तीन थप्प्या होत्या. भाव २५०, ३०० आणि “जो आप बोलेंगे”.

२६.
पुढच्या ठेल्यावर साड्या. एकोणिसाव्या शतकात शांतीपूरच्या विणकरांनी साडीच्या काठावर विद्यासागरांना दीर्घायुष्य चिंतणारं गाणं विणलं होतं आणि ती साडी तडाखेबंद खपली होती. ज्या बायकांना वाचायला शिकवायचं चाललं होतं, त्यांच्या अंगावर मजकूर आधीच पोचला.

ठेलेवाल्याला म्हटलं, अक्षरांची साडी आहे? त्याने पाच-सहा भराभर उलगडल्या. अक्षरं सगळीकडे छापलेली, विणलेली एकही नाही. बहुतेकांवर रवींद्रनाथांच्या ओळी, एकीवर नुसतीच बाराखडी: अ, आ, इ, ई, पदरभर. ती घेतली. बंगाली पोरांना बाराखडी शिकवणारं ‘वर्णपरिचय’ विद्यासागरांचं, १८५५ चं. ठेलेवाल्याने पिशवीत घालताना विचारलं, “मिसेसला बंगाली येतं?”

२७.
पुतळ्याची गोष्ट आपल्याकडेही आहे. पुणे, जानेवारी २०१७. संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीत उखडून मुठेत टाकला. बालगंधर्व रंगमंदिर तिथून चार पावलांवर. त्या आठवड्यातही नाटकं चालू होती.

२८.
शेवटची बरीच वर्षं विद्यासागर कलकत्त्याला, नातेवाइकांना आणि सुधारणेला विटून कर्माटाड नावाच्या गावी जाऊन राहत. शेजार संथाळांचा. मुलांना शिकवायचं, होमिओपॅथीची औषधं द्यायची, मका विकत घेऊन त्यांनाच भुकेच्या वेळी परत खायला घालायचा. स्टेशनाचं नाव आता विद्यासागर. जिल्हा जामताडा. “सर, मैं बँक से बोल रहा हूँ” असा फोन आला की देशभर लोक ज्या जामताड्याचं नाव घेतात, तो हाच.

२९.
विद्यासागरांनी १८६९ मध्ये शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरून ‘भ्रांतिविलास’ लिहिलं. जुळी भावंडं, जुळे नोकर, एकाला दुसरा समजून सगळा घोळ. नाटकाचं त्यांनी गद्य कथानक केलं. पुढे १९६३ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, उत्तमकुमारांचा. इतकं विनोदी लिहू शकणाऱ्या माणसाचा एकही हसरा पुतळा मला दिसला नाही.

३०.
विद्यासागरांच्या विधवाविवाहावरच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर १८६५ चं, विष्णुशास्त्री पंडितांचं. पाठोपाठ त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. १८६९ मध्ये मुंबईत या मंडळींनी वेणूबाईंचं लग्न लावलं, बहिष्कार ओढवून घेतला, १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद घातला आणि हरले. विष्णुशास्त्र्यांचा पुतळा कुठे आहे विचाराल तर पुण्या-मुंबईत फार थोडे लोक सांगू शकतील. विष्णुशास्त्री म्हटलं की आपल्याला चिपळूणकर आठवतात.

३१.
१८७४ या एका सालाचं टिपण.

जानेवारीत विद्यासागर एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत गेले. दरवानाने चपला काढून हातात घ्यायला सांगितल्या. बूटवाल्यांना ती अट नव्हती. ते दारातूनच परत फिरले आणि कडक पत्र लिहिलं.

त्याच साली इकडे विष्णुशास्त्री पंडितांनी, पहिली बायको वारल्यावर, कुसाबाई नावाच्या विधवेशी स्वतःच लग्न केलं.

आणि त्याच साली बीडन स्ट्रीटच्या ग्रेट नॅशनल थिएटरात अकरा-बारा वर्षांची बिनोदिनी पहिल्यांदा रंगमंचावर आली. भूमिका द्रौपदीच्या दासीची, संवाद चारदोन. पगार महिना १० रुपये.